टीव्हीचे काठ

माझी सून रूपाली घरांचे नकाशे काढते. चुकलेले कागद ती टाकून देत नाही, माझ्यासाठी राखून ठेवते, कारण त्यांची मागची बाजू कोरी असते. त्या कोऱ्या बाजूवर मी हे लिहिते आहे. दुपारी आमचे हे झोपले की लिहायचं आणि चहाच्या वेळेला कागद धान्याच्या कोठीमागे सारायचे. अजून कुणाला दाखवलेलं नाही आणि दाखवेन असं वाटत नाही. आत्तापर्यंत माण तालुक्यातलं माझं माहेर, आमचा घोंगड्यांचा माग आणि चौथीपर्यंतची शाळा एवढं लिहून झालंय. आता लहानपणाच्या गोष्टीत टीव्ही आणि कॉम्प्युटर कुठून आला, असं वाटेल. पण मी दहा वर्षांची असताना एक गोष्ट अर्धी राहिली होती. ती पुरी झाली तेव्हा मी साठीला टेकले होते आणि सांगलीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत उभी होते. ती कशी पुरी झाली हे सांगायचं, तर आधी अर्धी कशी राहिली ते सांगावं लागेल.

माग आमच्या सोप्यात होता. जमिनीत खड्डा, खड्ड्यात सोडलेले आबांचे पाय आणि त्यांच्या पोटापासून पार भिंतीपर्यंत ताणलेले लोकरीचे काळे उभे दोरे. आडवा दोरा नेणारा धोटा या हातातून त्या हातात सरकायचा आणि मग लाकडाचा ठोका पडायचा. सरक, ठोका. सरक, ठोका. पहाटे उठले की आधी तो ठोका कानावर यायचा, मग आईची जात्यावरची घरघर, मग शेरडांचं ओरडणं. चुलीवर चिंचोक्याची खळ शिजायची, ती घोंगड्याला चोपडायची म्हणजे घोंगडं ताठ राहतं. तिच्याशेजारीच हुलग्याचं माडगं रटरटायचं. दोन्हीचा रंग जवळजवळ सारखा. एकदा माझ्या भावाने खळीच्या भांड्यात भाकरी कुस्करली होती आणि दोन घास खाऊन झाल्यावर आईला म्हणाला होता, "आज मीठ इसरलीस व्हय?"

मागाला एक फणी असते. दाट दातांची लांब चौकट. दोन दातांमधल्या फटीला आबा घर म्हणायचे. प्रत्येक घरातून एक उभा दोरा ओवायचा. बारीक बोटांचं काम, म्हणून ते माझ्याकडे. चौथीचा निकाल होता त्या दिवशी मी घाई केली. शाळेच्या घंटेकडे कान ठेवून ओवत बसले आणि लवकर संपावं म्हणून काही घरांत दोन दोन दोरे घातले. निकाल घेऊन, पास होऊन नाचत आले तर आबांनी चार बोटं विणलेलं होतं आणि त्यात नांगरटीसारखे उभे वरंबे उठले होते. आबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी विणलेलं सगळं उसवलं, दोरे मोकळे केले आणि मला शेजारी बसवलं.

"शाले, आधी घरं मोजायची. जेवढी घरं तेवढं दोरं. कमी घातलं तर झिरझिरीत व्हतंय, जास्ती कोंबलं तर असं व्हतंय. आन पयल्यांदा काठ बघायचा. मधलं समद्यांस्नी दिसतंय. इणणाऱ्यानं काठ बघायचा."

पाचवी आमच्या गावात नव्हती. चार दिवसांनी गुरुजी घरी आले. पोरगी हुशार आहे, शेजारच्या गावाला पाठवा, आणखी दोन मुली जाणार आहेत, असं म्हणाले. त्यांची चप्पल वाजली तशी मी मागाच्या मागे, लोकरीची पोती रचलेली असायची तिथे जाऊन बसले होते. मी अशीच होते. पाहुणा आला की पोत्यामागे. आबांनी तिथूनच हाक मारली, "शाले, जायचं का गं तुला पाचवीला? बोल की." गुरुजीही म्हणाले, "बोल बाळ, घाबरू नको." माझ्या तोंडात 'व्हय' तयार होता. अगदी दातांच्या आत. नाकावर लोकरीची कुसं बसली होती, ती झाडायलाही मी हात हलवला नाही. गुरुजी चहा पिऊन होईपर्यंत थांबले. मग आबा म्हणाले, "तिचं मन दिसत न्हाई, गुर्जी," आणि चप्पल पुन्हा वाजली, या वेळी बाहेरच्या बाजूला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण माझी शाळा का सुटली असं कुणी विचारलं की लोक आपणच उत्तर देतात, बापानं सोडवली असेल. माझ्या बापाने विचारलं होतं. थांबलाही होता. मीच बोलले नाही.

आता सांगली. आमचे हे फौजेत ड्रायव्हर होते. फौज सुटली तरी फौजेची बोली सुटली नाही. घरात मीठ संपलं तरी 'राशन खतम' म्हणतात. त्यांनी हौसेने मोठा टीव्ही घेतला तो कुस्त्या बघायला. तो भिंतीवर लागला त्या दिवसापासून रिमोट त्यांच्याकडे. त्याला प्लॅस्टिकची पिशवी घालून वर रबर लावलेलं, बटणांवरचे आकडे पिशवीमुळे दिसत नाहीत, पण ह्यांना अंगठ्याने कळतात. आमच्यापैकी कुणी रिमोटला हात लावला की म्हणायचे, "ड्रायव्हर कोन हाय गाडीचा?"

रूपाली कवठे महांकाळची. नकाशे काढायचा कोर्स करून आली होती आणि लग्नात दागिन्यांच्या आधी तिने आपला जुना लॅपटॉप जपून आणला होता. माझा मुलगा संजय शिरवळला कारखान्यात, खोली करून राहायचा आणि गुरुवारी सुट्टीला यायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्या दोघांनी संसार केला तो फक्त गुरुवारचा. बाकीचे सहा दिवस ती आणि मी. संध्याकाळी मी भाकरी थापायची आणि तिने शेजारी बसून शेंगा सोलत बोलायचं. खरं म्हणजे बोलणारी ती, मी ऐकणारी. पण हळूहळू तिने माझ्याकडूनही काढून घेतलं. मागाचं सांगितलं, खळीत कुस्करलेल्या भाकरीचं सांगितलं, पोत्यामागचंही सांगितलं. नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं ते सुनेला सांगितलं.

शिरवळच्या एका बांधकामवाल्यांच्या ऑफिसात नकाशे काढणारी हवी होती. रूपालीने अर्ज केला. त्यांनी सोमवारी अकरा ते एक परीक्षा ठेवली, ती घरूनच द्यायची. ते प्लॉटचं माप आणि घरात काय काय पाहिजे ते सांगणार, हिने लॅपटॉपवर नकाशा काढायचा आणि ते तिकडून तिची रेघ न् रेघ बघणार. जमलं तर ती शिरवळला संजयकडे राहायला जाणार. तिच्या चेहऱ्यावर त्या आठवड्यात जे होतं ते मी बघत होते. मला आनंद होत होता. आणि भाकरी थापताना शेजारची जागा रिकामी दिसत होती, तेही खरं.

शनिवारी ह्यांचे फौजेतले चार मित्र जेवायला होते. रूपाली कागदांच्या झेरॉक्स काढायला गेली होती आणि लॅपटॉप आतल्या खोलीत जमिनीवर. एवढी माणसं येणार, कुणाचा पाय पडेल म्हणून मी तो उचलला. आमच्या माहेरी जपायची वस्तू अंथरुणाच्या थप्पीत जायची. आबांचा चष्मा, जमिनीचे कागद, आईची बोरमाळ, सगळं तिथेच. खाली मऊ, वर मऊ. मी लॅपटॉप आबांच्या हातच्या घोंगड्यात गुंडाळला, खाली दोन वाकळा, वर दोन वाकळा, आणि निर्धास्त होऊन रस्सा ढवळायला गेले.

जेवण झालं. तांबडा रस्सा चांगला झाला होता, दोनदा पातेलं खरवडलं गेलं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मित्रांमधले अंगाने सगळ्यात भारी असलेले हवालदार आतल्या खोलीत येऊन थप्पीवर बसले. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं आणि उंबऱ्यातच थांबले. एवढ्या पुरुषांसमोर जाऊन 'उठा' कसं म्हणायचं? त्यांनी एक गोळीबाराची गोष्ट सुरू केली. लांबलचक गोष्ट. आणि प्रत्येक गोळीला ते थप्पीवर जरा उसळायचे. मी दारात पदर तोंडात धरून गोळ्या मोजत होते.

संध्याकाळी रूपालीने लॅपटॉप उघडला तर पडद्यावर दौत सांडावी तसं काळं पसरलेलं. एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा दिसत होती, बाकी सगळा अंधार. "पडला न्हाई, आपटला न्हाई, असं कसं झालं?" ती म्हणाली. ती उलटून पालटून बघत होती आणि तिला कळणारही नव्हतं. गप्प बसले असते तर चाललं असतं. गप्प बसण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

"म्या ठेवला हुता अंथरुणात," मी म्हणाले. "हवालदार बसले त्यावर."

तिने लॅपटॉप मिटला. ह्यांना तशातही विनोद सुचला. "आगं, सुनंला शिरवळला सोडायची न्हाई म्हणून कट केलास व्हय?" आणि स्वतःच हसले. मला ते काट्यासारखं लागलं, कारण ते खोटं होतं आणि तरी त्याला धरायला माझ्यात कुठेतरी जागा होती. रूपाली उठून भांडी घासायला बसली. आतूनच म्हणाली, "आत्या, ताट वाढू का तुमाला?" रागाने नाही, नेहमीसारखंच. आबांनी दोरे उसवले होते तेव्हा वाटलं होतं तसंच मला वाटलं.

रविवारी सकाळी ती दुकानात जाऊन आली. पडदा पुण्याहून येणार, चार दिवस लागणार. दुसऱ्याचा लॅपटॉप आणावा तर तिचं नकाशाचं सगळं सामान याच्यातच भरलेलं. संजय फोनवर तारीख बदलून मागायला सांगत होता. "पयल्याच दिवशी सवलत मागू?" ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग ती बाहेरच्या खोलीत आली. हे टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसले होते. ती टीव्हीकडे बघत उभी राहिली, कुस्तीकडे नाही, टीव्हीकडे.

"मामा, मला हा टीव्ही पायजे. उद्या दुपारपर्यंत."

"आँ?"

"लॅपटॉप आतून चालू हाय. नुसता पडदा गेलाय. वायर जोडली की त्याचं सगळं टीव्हीवर दिसतंय."

"आज फायनल हाय, पोरी."

"कुणाची?"

"कुणाची म्हंजे?" हे म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज उतरला. "घे. पर रिमोट मी चालवनार."

वायर सेटटॉप बॉक्सचीच काढली, म्हणजे कुस्ती बंद पडली. पैलवानाने उचललेला दुसरा पैलवान हवेतच राहिला. रूपालीने तीच वायर टीव्हीच्या मागे दुसऱ्या भोकात खोचली आणि दुसरं टोक लॅपटॉपमध्ये. टीव्हीवर आलं, 'सिग्नल नाही'.

"लाईन कट हाय," ह्यांनी रिपोर्ट दिला.

"मामा, टीव्ही एक नंबरच्या दारात वाट बघतोय आन मी दोन नंबरच्या दारानं आलीय. रिमोटनं दोन नंबर करा." ह्यांनी पिशवीतला अंगठा फिरवला आणि एकदम निळा उजेड पडला. रूपालीचा कॉम्प्युटर भिंतीवर. हे खुर्चीतून उठलेच. मला वाटलं संपलं. मी चहा टाकायला वळले.

चहा घेऊन आले तर रूपाली डोक्याला हात लावून बसलेली. तिने सराव म्हणून एक जुना नकाशा उघडला होता. अंगणात पाण्याची गोल टाकी होती. टीव्हीवर ती अंड्यासारखी दिसत होती. चौकोनी देवघर लांबट झालेलं. "आत्या, हे बघा. मी गोल काढतेय आन अंडं दिसतंय. डोळ्याला खोटंच दिसाय लागलं तर हात कसा चालायचा?"

मग तिने कॉम्प्युटरमधली एक यादी उघडली. नुसते आकडे. आठशे गुणिले सहाशे. एक हजार चोवीस गुणिले सातशे अडुसष्ट. असे खाली खाली मोठे होत गेलेले. "चित्र बारीक ठिपक्यांचं आसतंय, आत्या. आडवे किती ठिपके आन उभे किती, ते हितं ठरवायचं." तिने एक आकडा निवडला. टीव्ही काळा झाला, पुन्हा उजळला आणि मध्ये एक चौकट आली. त्यात विचारलं होतं, हे ठेवायचं का? आणि खाली सेकंद उलटे पळत होते. हे फौजेतल्यासारखे मोठ्याने मोजायला लागले, "दस, नौ, आठ..." रूपाली बघत राहिली, चित्र तिला पसंत पडेना, आणि शून्य होताच टीव्ही पुन्हा काळा झाला आणि पहिलंच चित्र आलं. अंडं.

"असं का केलं त्यानं?" मी विचारलं.

"उत्तर दिलं न्हाई की तो आपोआप मागं जातोय. त्याला वाटतंय, ह्यांना नको असंल."

मी चहाचा कप हातात धरून उभी होते. चहा कधी निवला मला कळलं नाही. तिने आणखी दोन आकडे करून बघितले. एकात सगळं धुरकट, एकात बाजूला काळ्या पट्ट्या. अंदाजाने चाललं होतं, आणि कुठलाही आकडा टाकला तरी मनाजोगतं होत नव्हतं. तिचा आवाज रडवेला व्हायला लागला. मला मात्र दोरे दिसत होते. आडवे किती, उभे किती. कमी घातले तर झिरझिरीत. जास्ती कोंबले तर वरंबे. ते सगळं मला माझ्या बोटांत कळत होतं आणि तोंडात येत नव्हतं. आता हसू येतं, पण तेव्हा टीव्हीमागे पोती असती तर मी जाऊन बसले असते.

"ह्या टीव्हीला घरं किती हायती?" मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे बघितलं. "घरं?" हे म्हणाले.

"फणीला आसत्यात तशी. ह्याच्या स्वतःच्या अंगात ठिपक्यांची घरं आसतील न्हवं? करणाऱ्यानं ठरवूनच केली आसतील. तू कवापासनं दोरं बदलाय लागलीस. आधी घरं मोज. जेवढी घरं तेवढंच घाल."

रूपालीचे डोळे मोठे झाले. "आत्या! खोक्यावर आसतंय ते. खोकं कुठाय?"

खोकं माळ्यावर होतं. त्यात मी उन्हाळ्यात केलेल्या कुरडया भरल्या होत्या. ह्यांनी शिडी लावली, खोकं खाली आलं, घाईत अर्ध्या कुरडया जमिनीवर. पण खोक्याच्या बाजूला बारीक छापलेलं सापडलं. आकडे मला वाचता येतात. मीच वाचलं, एक हजार नऊशे वीस, गुणिले, एक हजार ऐंशी. यादीत तो आकडा सगळ्यात शेवटी होता. रूपालीने तो मोठा म्हणून आधी सोडून दिला होता.

तिने तो निवडला. टीव्ही काळा झाला. उजळला. टाकी गोल. ताटासारखी गोल, कड कशी सुरीने कापल्यासारखी. देवघर चौकोनी. पण अक्षरं मोहरीएवढी झाली होती आणि ती चौकट मध्ये येऊन विचारत होती, हे ठेवायचं का?

"लय बारीक झालं," रूपाली म्हणाली. "परीक्षेत वाचता येनार न्हाई मला."

"मागचंच बरं हुतं," हे म्हणाले. "सात, छह, पांच..."

तिचं बोट माऊसवर थांबलं होतं. ह्यांचं मोजणं चालू. मला गुरुजींचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. खरंच आला, बशीवर कप ठेवल्याचा. कदाचित माझ्याच हातातला असेल.

"व्हय!" मी ओरडले. "ठेव! व्हय म्हण त्याला!"

ह्यांच्या तोंडातला 'तीन' तोंडातच राहिला. रूपालीने दाबलं. चित्र थांबलं, मागे गेलं नाही. शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "काय झालं वो?" लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझा एवढा मोठा आवाज या भिंतींनी ऐकला नव्हता. माझे कान तापले, पण गंमत अशी की पुढचं बोलणं सोपं गेलं. अक्षरं तेवढी वेगळी मोठी करता येतात हे रूपालीला ठाऊक होतं, ती तिने केली, ठिपक्यांना हात न लावता. ती खूश झाली, हे खूश झाले, कुरडया गोळा करायला लागले.

"आजून न्हाई," मी म्हणाले. "काठ कुठायत?"

"कसलं काठ?"

"चारी बाजूचं. नकाशाभोवती तू रेघ मारतीस न्हवं कायम? ती दिसत न्हाई. कापड काठाला खाल्लंय."

रूपाली उठून टीव्हीजवळ गेली. खरंच, चौकटीची रेघ नव्हती. खालची चित्रांची पट्टी अर्धी कापलेली होती. तिने लॅपटॉपमध्ये शोधलं, तिथे सगळं बरोबर. म्हणजे कापत होता तो टीव्ही. आणि मग माझ्या लक्षात आलं, की आमचे हे कधी नव्हे ते अगदी गप्प उभे आहेत.

"मामा?" रूपाली म्हणाली.

"आता कसं हाय," हे रिमोटची पिशवी चोळत म्हणाले, "पैलवान जरा बारका दिसायचा. म्हणून म्या त्याला रिमोटनं मोठा करून ठेवलाय. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं?" मी म्हणाले. "तरी म्हणलं मालिकेतल्या बायांच्या अंबाड्यावरची फुलं कुठं जात्यात!"

रूपाली जमिनीवर बसून हसायला लागली. पोट धरून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मला कळलं की शनिवारचं सगळं त्या पाण्यातून निघून गेलं. ह्यांनी पिशवीतून अंगठा फिरवला, चित्र एक घर मागे सरकलं आणि चारी काठ आत आले. रेघ दिसली. मी चारी कोपरे बघून घेतले, मगच निवलेला चहा परत गरम करायला गेले.

सोमवारी अकरा वाजता रूपाली टीव्हीसमोर, लॅपटॉपच्या झाकणावरचा कॅमेरा धड होता म्हणून तो स्टुलावर तिच्या तोंडासमोर, आणि ती बसली होती ह्यांच्या खुर्चीत. हे फाटकाबाहेर पहाऱ्यावर. भाजीवाल्याला त्यांनी ओरडू दिलं नाही, खुणेने मेथी घेतली. मी स्वयंपाकघराच्या दारात, हवालदारांच्या गोळ्या मोजल्या तिथेच. भिंतीवर एक घर उभं राहताना मी बघितलं. आधी बाहेरच्या भिंती, मग दारं, मग जिना. शेवटी तिकडचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुमची रेघ फार स्वच्छ येते. मोठा मॉनिटर आहे का?" रूपाली म्हणाली, "टीव्ही आहे, सर. सासऱ्यांचा." तिकडे दोघे तिघे हसले. सासऱ्यांचा म्हणाली ती, पण बघितलं माझ्याकडे.

गुरुवारी संजय घरी होता तेव्हा फोन आला. जमलं. ह्यांनी गल्लीभर सांगितलं आणि प्रत्येकाला सांगताना टीव्ही आपला आहे हेही सांगितलं. मी पुरणपोळ्या केल्या. करताना दोनदा डोळे पुसले आणि कांद्याला दोष देता येईना, कारण पुरणात कांदा नसतो.

ती जायच्या आदल्या दिवशी दुपारी लॅपटॉपला नवीन पडदा बसला होता, तरी तिने वायर टीव्हीला जोडली. म्हणाली, "आत्या, बसा. तुमच्या माहेरचं घर सांगा."

ते घर आता नाही. भावाने त्या जागी स्लॅबचं बांधलं, मागाचा खड्डा बुजवला. मी ह्यांच्या खुर्चीत बसले आणि हातांनी मापं सांगत गेले. सोपा माझ्या इतक्या पावलांचा, चूल इथे, जातं इथे, उंबऱ्याला डावीकडे खाच. ती फूट करून काढत गेली. मागाचा खड्डा काढला तेव्हा एवढासा चौकोन झाला, पण मला त्यात आबांचे पाय दिसले. सरक, ठोका. मी काठ बघितले. चारी भिंती पुऱ्या होत्या.

"आन पोती कुठं हुती?" रूपालीने विचारलं. "गुरुजी आलते तवा तुमी बसलावता ती?"

मी उठून टीव्हीजवळ गेले आणि बोट टेकवलं. "काचंला हात लावू नगं!" हे झोपेतून ओरडले. रूपालीने माझ्या बोटाच्या जागी एक ठिपका दिला. एकच, काळा. मी बोट काढलं तरी तो तिथे होता.

"हे ठेवायचं का, आत्या?"

"व्हय," मी म्हणाले.

तिने तो नकाशा दोनदा छापला. एक शिरवळच्या खोलीत भिंतीला लावलाय असं संजय सांगतो. दुसऱ्याची मागची बाजू कोरी होती, ती मी आज हे शेवटचं लिहून भरली. कोठीमागच्या गठ्ठ्यात हे पान उलटं ठेवणार आहे, नकाशा वर.